हातोडा, सावली आणि सहाशे ग्रॅम

माझ्या डोक्याची डावी बाजू कापून झाली होती आणि उजवी व्हायची होती, तेवढ्यात सलूनवाल्याने कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "सावली पळाला. यात चर्चेला जागाच नाही."

हे मला उद्देशून नव्हतं. पलीकडच्या खुर्चीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे प्राध्यापक तोंडाला साबणाचा फेस लावून बसले होते, त्यांना उद्देशून होतं. प्राध्यापक भूगोलाचे, आता निवृत्त. त्यांनी जन्मात बॉक्सिंगचा एकही सामना पाहिलेला नाही, आणि ही ते स्वतःची जमेची बाजू समजतात. पाहणारा माणूस म्हणे भावनेच्या आहारी जातो. फेसातून त्यांचे ओठ तेवढे हलले. "पळाला नाही. त्याला पळवला. फरक समजून घ्या."

हा फरक समजून घेण्यात आमच्या गावाची एक्केचाळीस वर्षं गेली आहेत. आमच्याकडे एकाच काळात आणि एकाच वजनी गटात, म्हणजे साठ किलोच्या आत, दोन थोर बॉक्सर होऊन गेले. होऊन गेले म्हणजे माणसं म्हणून दोघेही अजून आहेत, बॉक्सर म्हणून होऊन गेले. एक हातोडा. त्याचा उजवा ठोसा बसला की समोरचा आडवा व्हायचा आणि उठल्यावर आधी स्वतःचा पत्ता विचारायचा. दुसरा सावली. तो कुणाच्या हाताला लागायचाच नाही. समोरचा दहा राउंड हवेत हात मारून दमला की सावली त्याला एक नेमकी टपली द्यायचा आणि सामना तिथेच संपायचा. हातोड्याला कुणी हरवलं नाही, सावलीला कुणी हरवलं नाही, आणि दोघे एकमेकांशी लढलेच नाहीत.

सामना तीनदा ठरला होता. पहिल्यांदा हातोडा सायकलवरून पडला आणि मनगट मोडून बसला. दुसऱ्यांदा सावलीला गालगुंड झाले. तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं, गाव लोटलं, आणि सामन्याच्या सकाळी वजन करताना सावली साठ किलो चारशे ग्रॅम भरला. नियमाप्रमाणे त्याला एक तास मिळाला. तो तासभर दोन स्वेटर घालून सभागृहाभोवती धावला, परत काट्यावर चढला, तरी काटा तीनशे ग्रॅम जास्तच सांगत होता. सावली खाली उतरला, कपडे चढवले आणि चालता झाला. पुन्हा त्याने हातमोज्यांना हात लावला नाही. अजिंक्यपदाचा पट्टा हातोड्याला न लढताच मिळाला.

तेव्हापासून गावात दोन पक्ष आहेत. हातोडावाले म्हणतात, सावली आदल्या दिवशी मुद्दाम तुडुंब जेवला. सावलीवाले म्हणतात, हातोड्याच्या माणसांनी काट्यात गडबड केली. सोयरिकी जुळवतानासुद्धा समोरचं घर कोणत्या पक्षाचं आहे याची गुपचूप चौकशी होते.

"काटाच खोटा होता," प्राध्यापक म्हणाले.

इथे मी बोललो. मी वजनमापे कार्यालयात हेडक्लार्क आहे. काट्याबद्दल कुणी असं हलक्या जिभेने बोललं की मला ते लागतं. मी म्हणालो, "दोघेही हयात आहेत. दोघेही याच गावात राहतात. त्यांनाच समोरासमोर बसवून का विचारत नाही?"

मी काहीतरी अश्लील बोललो असावं असे सगळ्यांचे चेहरे झाले. मग सलूनवाला आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "एक्केचाळीस वर्षांत ते एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. तुम्ही बसवणार त्यांना समोरासमोर?"

त्या "तुम्ही" मध्ये जे काही होतं ते मी इथे लिहू शकत नाही. मी अंगावरचा कपडा काढला, खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, "बसवतो." आणि तडक बाहेर पडलो. बाणेदारपणा चांगला असतो, पण तो दोन्ही बाजू कापून झाल्यावर दाखवावा हे मला चौकात पोचल्यावर कळलं. उजवी बाजू शेवटी बायकोने स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापली. कापताना तिने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "अहो, पण तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आमच्या घरी हा प्रश्न वर्षातून पाच-सहा वेळा विचारला जातो.

माझे सासरे, नाना, आमच्याकडेच असतात. वय त्र्याऐंशी. तेही आमच्याच कार्यालयातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि अजूनही महिन्यातून एकदा स्वयंपाकघरातला काटा पितळी वजनं लावून तपासतात. एरवी प्रत्येक गोष्टीत त्यांचं मत असतं. त्या दिवशी मात्र माझा बेत ऐकून ते नुसतेच वर्तमानपत्राच्या मागे गेले.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी प्राध्यापक खाली आले. त्यांना सलूनमधल्या माझ्या अपमानाचं काही नव्हतं. "अशा कार्यक्रमाला अध्यक्ष लागतो," ते म्हणाले, "नाहीतर त्याची चावडी होते. मी चाळीस मिनिटांचं एक टिपण काढलंय." तिसऱ्या मजल्यावरच्या परिचारिकाबाईंनी जिन्यात थांबवून सांगितलं की सत्तरीच्या माणसांना एकदम उभं करू नका, चक्कर येते. तळमजल्यावरच्या शिंप्याने दोघांसाठी अस्तर लावलेले झगे शिवायची तयारी दाखवली. मी अजून एकालाही भेटलो नव्हतो आणि माझ्याकडे अध्यक्ष, वैद्यकीय सल्ला आणि झगे असं सगळं जमलं होतं.

हातोड्याचं चष्म्याचं दुकान आहे. गावात गप्पा मारताना माणूस "हातोडा पडला, हातोडा लढला" असं एकेरीत बोलतो, पण समोर काउंटरमागे पांढऱ्या भुवयांचे, गोल खांद्यांचे गृहस्थ बसलेले दिसले की जीभ आपोआप वळते. मी म्हणालो, "नमस्कार हातोडेसाहेब." माझं मलाच ते आडनावासारखं वाटलं, पण त्यांना आवडलं असावं. केळ्याच्या घडासारख्या त्या बोटांत त्यांनी एक तिळाएवढा स्क्रू धरला होता आणि तो चष्म्याच्या काडीत बसवत होते. स्क्रू बसेपर्यंत मी श्वास रोखून उभा राहिलो.

मी विषय काढला. त्यांनी चष्मा पुसून डबीत ठेवला.

"त्या पट्ट्याचं मी काय केलं माहीत आहे?" ते म्हणाले. "कपाटात वरच्या फळीवर, बायकोच्या जुन्या पिशव्यांच्या मागे आहे. एकदाही कमरेला बांधला नाही. न मारता मिळालेली गोष्ट अंगावर कशी घालायची? त्याने येऊन सगळ्यांसमोर एवढंच म्हणावं, की मी पळालो होतो. मग मी येतो."

"म्हणतील ते," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं, की शब्द परत घेण्याची माझी छाती झाली नाही. वर मी एक चष्माही करायला टाकला. माझी नजर उत्तम आहे.

सावलीचं मोटर शिकवायचं स्कूल आहे. एके काळी ज्या माणसाला रिंगणात शोधावं लागायचं, तो आता कुठूनही दिसतो. वजन शहाण्णव किलो. हे मी अंदाजाने सांगत नाही. माझा धंदाच तो आहे. ऑफिसात ते कधी सापडेनात, दिवसभर शिकाऊ लोकांबरोबर गाडीत. त्यांच्याशी अर्धा तास सलग बोलायचा एकच मार्ग होता, आणि मी त्या मार्गाने गेलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला.

"सावलीसर," पहिल्या धड्याला मी म्हणालो, "मला तुमच्याशी त्या सामन्याबद्दल..."

"आरसा बघा."

"बघितला. तर तो तिसरा सामना..."

"क्लच. क्लच दाबा. तो ब्रेक आहे."

गाडीने उडी मारली आणि बंद पडली. नेमकी सलूनसमोर. आतून चार चेहरे बाहेर आले, त्यांतल्या दोघांच्या गालाला फेस होता. मी सरळ समोर बघत राहिलो.

पाचव्या धड्याला कुठे सावली बोलायला लागले. तोवर मी एका भाजीच्या गाळ्याचा बांबू, एक कुंडी आणि स्वतःविषयीचे बरेच गैरसमज मोडले होते. सिग्नलला थांबलो असताना ते अचानक म्हणाले, "आदल्या दिवशी मी फक्त दोन वाट्या सूप घेतलं होतं. सकाळी घरी वजन केलं तेव्हा एकोणसाठ किलो आठशे. सभागृहात साठ किलो चारशे. वाटेत मी काय दगड खाल्ले? त्याने चारचौघांत म्हणावं, की काट्यात खोट होती. मग मी येतो."

"म्हणतील ते," मी म्हणालो.

हिरवा दिवा लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. आपण आता दोन बॉक्सरना एकमेकांची माफी कबूल करून बसलोय, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी पुन्हा क्लचऐवजी ब्रेक दाबला.

सभागृहाच्या कारकुनाकडे गेलो तेव्हा मला वाटलं, इथे तरी माझ्या जातीचा माणूस भेटेल. मीही कारकूनच. त्याने अर्ज पुढे सरकवला. कार्यक्रमाचा प्रकार: सभा, विवाह, प्रदर्शन, क्रीडा. मी "सभा" वर खूण केली.

"विषय?"

"न झालेला सामना."

"सामना म्हणजे क्रीडा." त्याने माझी खूण खोडली.

"पण तो झालेलाच नाही."

"मग आता होणार नाही याची हमी कोण देणार? दोन बॉक्सर, एक स्टेज. प्रकार क्रीडा, उपप्रकार मुष्टियुद्ध."

"अहो, दोघांचं मिळून वय एकशे एक्केचाळीस आहे."

त्याने नियमावली उघडून पाहिली. "वयाची कमाल मर्यादा दिलेली नाही." मग त्याने यादी वाचली: दारात रुग्णवाहिका, डॉक्टरचा दाखला आणि सभागृहातल्या वजनकाट्याचं अद्ययावत प्रमाणपत्र, मागच्या तपासण्यांच्या उताऱ्यासह.

"आम्हाला कुणाचं वजन करायचंच नाही."

"करायचं की नाही तो तुमचा प्रश्न. मुष्टियुद्ध म्हटलं की प्रमाणपत्र लागतं. वजनमापे कार्यालयात अर्ज करा. तिथले लोक जरा वेळ लावतात."

आपल्या खात्याचा लौकिक असा परक्याच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं.

सोमवारी मी स्वतःच्याच टेबलावर अर्ज दिला. आमच्या साहेबांचं म्हणणं पडलं की ओळखीतून काम झालं असं दिसू नये, सगळं रीतसर व्हावं. तेव्हा मी हेडक्लार्क या नात्याने अर्जदाराला, म्हणजे मला, आपल्या अर्जात दोन त्रुटी आहेत असं पत्र पाठवलं. ते तिसऱ्या दिवशी टपालाने माझ्या घरी आलं. वाचून मला खरोखर राग आला. भाषा फार तुटक होती.

त्रुटी दूर केल्यावर उतारा काढायला मी तळघरातल्या दप्तरखान्यात गेलो. सभागृहाच्या काट्याची नोंदवही सापडायला दुपार गेली. धूळ झटकून मी मागे मागे जात एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या पानावर आलो आणि तिथल्या मोडक्या स्टुलावर बसून वाचायला लागलो.

वार्षिक तपासणी सामन्याच्या चार दिवस आधी व्हायची होती. त्या तारखेपुढे लिहिलं होतं: "निरीक्षक रजेवर, मुलीस कांजिण्या." पुढची नोंद सामन्यानंतर अकरा दिवसांनी. "काटा सहाशे ग्रॅम जास्त दाखवतो. आतील स्प्रिंग गंजलेली. हेतुतः छेडछाडीचे चिन्ह नाही. काटा सील केला." खाली सही. अक्षर मोत्यासारखं. ते अक्षर मी रोज आमच्या दुधाच्या वहीत बघतो.

मी बोटांवर गणित केलं. माझं गणित चांगलं आहे, पण तरी दोनदा केलं. साठ चारशे वजा सहाशे. एकोणसाठ आठशे. सावली नियमात होते. कुणी पळालं नव्हतं आणि कुणी काट्याला हात लावला नव्हता. एक स्प्रिंग गंजली होती, आणि जो माणूस ती वेळेत पकडणार होता तो घरी एका सात वर्षांच्या मुलीच्या अंगाला औषध लावत बसला होता.

ती मुलगी आता माझ्या घरी चहा गाळत होती. मी तिला सांगितलं. गाळणी तशीच हातात धरून ती म्हणाली, "म्हणजे या गावातला सगळ्यात मोठा सामना माझ्यामुळे बुडाला?" आवाजात धक्का होता, आणि मला वाटतं, किंचितसा मानही होता. मग तिचा चेहरा बदलला. "नानांचं नाव येणार असेल तर कार्यक्रम नको. रद्द करा. तुमची काय शोभा व्हायची ती होऊ दे."

"सहाशे ग्रॅम," दारातून आवाज आला. नाना उभे होते. "मला आकडा पाठ आहे."

आम्ही त्यांना बसवलं. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाले, "मी नोंद केली. लपवलं काही नाही. पण सांगितलंही नाही. मनाशी म्हणायचो, कुणी विचारलं तर सांगेन. एक्केचाळीस वर्षं कुणी विचारलं नाही. मागच्या महिन्यात रस्ता ओलांडत होतो तर सावलीने गाडी थांबवली, हाताने सांगितलं, जा आजोबा. मी खाली मान घालून गेलो." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "तुला ताप होता. तुझी आई माहेरी. रजा घेतली त्याचं मला काही वाटत नाही, पुन्हा तशीच घेईन. नंतर गप्प बसलो त्याचं वाटतं."

ही त्यांच्याजवळ जाऊन बसली. नाना मला म्हणाले, "पहिल्या रांगेत मला एक खुर्ची ठेव."

रद्द करण्याचा प्रश्न तसाही निकालात निघाला होता, कारण फलक लागला होता. मी फलकवाल्याला लिहून दिलं होतं: "हातोडा आणि सावली: न झालेल्या सामन्याविषयी गप्पा. रविवार, दुपारी चार ते सहा." त्याच्या मते मजकूर फार लांब होत होता. त्याने आटोपशीर केला. चौकात बारा फुटी अक्षरांत लागलं: "हातोडा विरुद्ध सावली. रविवारी चार वाजता. अखेर."

त्यातलं "अखेर" हे त्याचं स्वतःचं होतं.

रविवारी ऐंशी खुर्च्यांच्या सभागृहात चारशे माणसं आली. खिडक्यांत बसली, जिन्यात बसली. दारात रुग्णवाहिका उभी होती, तिचा चालक आत येऊन सगळ्यांत चांगली जागा पकडून बसला होता. कारकून दाराशी यादी घेऊन उभा होता आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की, बघा, मी म्हणालो नव्हतो?

स्टेजवर तीन खुर्च्या. डावीकडे हातोडेसाहेब, उजवीकडे सावलीसर, मध्ये अध्यक्ष. दोघे दोन दारांनी आले, एकमेकांकडे न बघता बसले आणि मग दोघांनीही माझ्याकडे बघितलं. आता म्हणेल तो, असं दोघांच्या डोळ्यांत लिहिलेलं होतं. मी पडद्याच्या कडेला उभा होतो आणि पडदा मला पुरेसा जाड वाटत नव्हता.

प्राध्यापकांनी टिपण काढलं आणि मुष्टियुद्धावर हवामानाचा परिणाम या मुद्द्यापासून सुरुवात केली. सहाव्या मिनिटाला मागून आवाज आला, "घंटा वाजवा." सलूनवाला होता तो. सभागृह हसलं. प्राध्यापकांनी दुखावून कागद मिटले आणि म्हणाले, "ठीक आहे. श्रोत्यांची पात्रता लक्षात घेऊन मी थेट प्रश्नावर येतो. तो सामना का झाला नाही?"

हातोडेसाहेबांनी हाताची घडी घातली. "ते सांगतील."

सावलीसरांनीही घडी घातली. "छे. ते सांगतील."

दोघे थांबले. चारशे माणसं थांबली. मग हातोडेसाहेब मान वळवून मला म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होतात की..." आणि त्याच क्षणी सावलीसरही म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं होतं की..." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांनी एकमेकांकडे एका मताने पाहिलं, की या माणसाला आधी धरावा.

मी स्टेजवर पाऊल टाकलं. काय बोलणार होतो मला माहीत नाही. पण त्याआधीच पहिल्या रांगेत खुर्ची सरकली.

नाना उभे राहिले. त्यांच्या हातात नोंदवही होती. आमच्या कार्यालयाबाहेर ती नेता येत नाही. ती तिथे कशी आली याची चौकशी अजून चालू आहे आणि ती मीच करतोय. "सामना माझ्यामुळे झाला नाही," नाना म्हणाले. आवाज बारीक होता, पण शांतता इतकी होती की खिडकीपर्यंत पोचला. त्यांनी दोन्ही नोंदी वाचून दाखवल्या, तारखांसकट. "हे पळाले नव्हते. यांनी काही केलं नव्हतं. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. तुम्हा दोघांची मी माफी मागतो." आणि ते उभेच राहिले.

सावलीसर उठले. शहाण्णव किलोंचा माणूस तीन पायऱ्या उतरून खाली आला, त्याने नोंदवही हातात घेतली, खिशातून चष्मा काढला आणि तो आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग एकदम हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले. "एकोणसाठ आठशे," ते वर बघून म्हणाले. "आमची बायको मरेपर्यंत म्हणत होती, तुम्ही चोरून काहीतरी खाल्लं असणार."

हातोडेसाहेबही खाली आले होते. ते नानांना म्हणाले, "पोरगी बरी झाली ना पण?"

"ती बघा," नाना म्हणाले. बायको उठून उभी राहिली. गावाने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आमच्या लग्नात वाजल्या नव्हत्या एवढ्या.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मागून कुणीतरी विचारलं, "मग जिंकलं कोण असतं?"

"मी," दोघे एकदम म्हणाले.

पुढचं मी कितीही सांगितलं तरी कमीच. हातोडेसाहेब म्हणाले, "पहिल्याच राउंडला मी तुला डाव्या कोपऱ्यात घेतला असता." सावलीसर म्हणाले, "मी डाव्या कोपऱ्यात जातो कशाला?" "जातोस कशाला म्हणजे, मी नेला असता. असा." "असा नाही. असा आलास तर तुझी बरगडी उघडी पडते." दाखवल्याशिवाय कळेना, म्हणून दोघे स्टेजवर चढले आणि खुर्च्या बाजूला सारल्या गेल्या. मध्ये अडकलेल्या प्राध्यापकांना दोघांनी मिळून पंच करून टाकलं. सलूनवाल्याने पाण्याचा तांब्या आणि चमचा घेतला आणि पहिल्या राउंडची घंटा वाजवली.

ते अगदी सावकाश लढले, पाण्याखाली लढावं तसे, आणि तोंडाने सगळं सांगत. "हा माझा डावा." "तो मी खांद्यावर घेतला." "मग हा उजवा." "तिथे मी नाही." आणि खरोखर ते तिथे नसायचे. एवढा मोठा देह, पण स्टेजच्या जुन्या फळ्यांवर त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता. तिसऱ्या राउंडला हे लोकांच्या लक्षात आलं आणि सभागृह असं गप्प झालं की चमचा ठेवल्याचाही आवाज ऐकू आला. पाचव्या राउंडला हातोडेसाहेबांनी तो उजवा हात मागे घेतला आणि रुग्णवाहिकेचा चालक नकळत उभा राहिला. मूठ सावलीसरांच्या गालापासून एका बोटावर थांबली. परिचारिकाबाई मध्येच ओरडल्या, "सावकाश वळा," तेव्हा दोघांनी मान डोलावली आणि सावकाश वळले.

सातव्या राउंडला सहा वाजले. कारकून घड्याळ दाखवत पुढे आला. चारशे माणसांनी त्याच्याकडे पाहिलं. तो नियमावली उघडून बघायला लागला, मग ती मिटली आणि म्हणाला, "उरलेले तीन राउंड पटापट उरका. आणि त्या दोघांना स्टेजच्या पुढच्या कडेला घ्या, मला इथून दिसत नाही."

प्राध्यापकांनी निकाल बरोबरीचा दिला आणि त्याची सात कारणं द्यायला लागले, पण ती कुणी ऐकली नाहीत, कारण दोन्ही बॉक्सर त्यांच्यावर तुटून पडले होते. बरोबरी? इतकी वर्षं थांबून बरोबरी? दोघांनाही निकाल साफ नामंजूर होता. सामना परत व्हायला पाहिजे यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं. हातोडेसाहेब सावलीसरांच्या गाडीत बसून घरी गेले. गाडी निघाली तेव्हा काचेआड दोघांचे हात चाललेलेच होते आणि स्टिअरिंगवर कुणाचाच हात आहे असं मला दिसलं नाही.

कारकुनाने मला नवा अर्ज दिला आहे. यावेळी "क्रीडा" वर त्याने स्वतःच खूण करून ठेवली आहे. गावात कुणी आता पळाला की पळवला यावर बोलत नाही. वाद वेगळाच आहे: नवव्या राउंडला सावली खाली वाकले तेव्हा हातोड्याचा डावा ठोसा त्यांना लागला असता की नाही. यावर पुन्हा दोन पक्ष पडले आहेत. ही म्हणते, शक्यच नाही, ते केव्हाच सरकले होते. नाना तिच्या बाजूचे. जेवताना रोज हाच विषय असतो, आणि मी रोज सांगतो की मी पडद्याच्या कडेला सगळ्यांत जवळ उभा होतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. लागला असता.